निकाल यायचा आहे

बोर्डाच्या निकालाची आपली जुनी तऱ्हा किती सुटसुटीत होती! गुण कळले की पुढचा मार्ग ठरला. पेढे म्हणा की रडारड म्हणा, दोन दिवसांत सगळं आटपायचं. प्रवेशाची वाट पाहणं म्हणजे काय, ते मला इथे अमेरिकेत, लेक बारावीला आल्यावर कळतंय.

तिने एम.आय.टी.ला अर्ज केला आहे. १८६१ साली स्थापन झालेली ही संस्था बॉस्टनशेजारी केंब्रिज गावात, चार्ल्स नदीकाठी आहे. लवकर निर्णय हवा असेल त्यांनी १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज करायचा, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला उत्तर येतं. या फेरीत जागा मिळाली तर ती घेतलीच पाहिजे, असं बंधन नाही. पण शंभरांतल्या जेमतेम पाच-सहा जणांनाच होकार मिळतो. आणि होकार-नकाराखेरीज तिसरंही एक उत्तर असतं: 'पुढच्या फेरीत पुन्हा विचार करू.' तो निकाल १४ मार्चच्या सुमारास लागतो. ३.१४ हा 'पाय'चा आकडा ना, म्हणून! गणितवाल्यांची ही गंमत, पण घरच्यांचा जीव तोवर टांगणीला.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. इथे नुसते गुण बघत नाहीत. मुलांनी स्वतःविषयी लिहिलेले निबंध, शिक्षकांची पत्रं, जमल्यास माजी विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत, सगळंच बघतात. गुणांवरून नाकारलं तर मूल म्हणतं, अभ्यास कमी पडला. इथे नाकारलं तर म्हणतं, मीच कमी पडले.

परवा भांडी पुसता पुसता लेकीने विचारलंच, "आई, नाही म्हणाले, तर मी त्यांना आवडले नाही असंच ना गं?"

मी म्हटलं, "अगं, आमच्या वेळी मुली बघायला यायचे. पोहे खाऊन जायचे आणि मग कळवायचे, पत्रिका जुळत नाही. तुझ्या मावशीला असे पाच नकार आले. तिच्यात काय कमी होतं, सांग बघू?"

"मावशीत? काहीच नाही!" म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी.

तेव्हापासून घरात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. बाकीच्या कॉलेजांचे निबंध थांबवायचे नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, नि निकालाची वाट बघत बसलं तर हाती उरतो जेमतेम पंधरवडा. दुसरं, निकालाची तारीख कोणाला सांगायची नाही. सांगलीहून सासूबाईंनी गणपतीला नवस बोललाय, त्यांनाही नाही. नाहीतर त्या दिवशी फोन खणखणत राहायचा आणि पोरीला धड रडताही यायचं नाही. तिसरं, उत्तर कोणासमोर उघडायचं ते तिचं तिने ठरवायचं. ती म्हणाली, "मी खोलीत एकटीच बघेन. तुम्ही दार वाजवू नका." यांना ते जड जाणार आहे. मलाही. पण कबूल केलंय.

मैत्रिणींनो, आपल्या हातात खरं तर स्वयंपाकघर तेवढं असतं. त्या दिवशी पुरणपोळी करायची ठरवली आहे. तिच्या आवडीची म्हणून, निकालासाठी नव्हे. उत्तर कसंही येवो, बेत बदलणार नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवलंय.