तेरच्या संग्रहालयात १२० तास

गोरोबाकाकांच्या दर्शनाला तुम्ही तेरला गेला असाल. चैत्र वद्यातल्या यात्रेला गेला असाल, तर तेरणेच्या काठची टाळ-मृदंगाची गर्दीही पाहिली असेल. दर्शन झाले, नदीकाठी भाकरी सोडली, की मंडळी परतीच्या गाडीला लागतात. मीही सात-आठ वेळा असेच केले. गावात सरकारी वस्तुसंग्रहालय आहे हे ठाऊक होते. पण फुटकी गाडगी काय पाहायची, म्हणून पाय कधी तिकडे वळला नाही. गेल्या साली वळला, तो माझ्या पुतणीमुळे.

पुतणी इतिहास घेऊन एम. ए. करते आहे. २०२० सालचे नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून पोरांना नुसत्या पुस्तकावर भागत नाही. कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम करावे लागते. तिच्या वाट्याला १२० तास आले आणि तिने तेरचे संग्रहालय धरले. धाकटा भाऊ घरात गरम झाला. म्हणाला, "दादा, पगार नाही, जाण्यायेण्याचं भाडं आपलंच, आणि तिथं करायचं काय, तर मडकी पुसायची! त्यापेक्षा सोयाबीनच्या राशीला तरी हात लागला असता." खोटे कशाला सांगू, मलाही तेच वाटत होते. पण पोरीला पहिल्या दिवशी पोचवायला गेलो, आणि पुढे निमित्ते काढून तीन-चारदा जाऊन आलो.

तेर धाराशिव जिल्ह्यात आहे. २०२३ पर्यंत सरकारी दप्तरी या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या ढोकीहून हे गाव जवळ पडते. आज पाहाल तर आपल्यासारखेच गाव. ऊस, सोयाबीन, तूर, चावडी, पाराखाली बसलेली म्हातारी माणसे. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच तगर नावाचे मोठे व्यापारी शहर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने आपल्या किनाऱ्याची माहिती लिहून ठेवली, तीत तगरचे नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर, आणि इथून तऱ्हेतऱ्हेचे सुती कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाते, असे तो सांगतो. म्हणजे बघा, आपल्या काळ्या रानातला कापूस तेव्हाही बैलगाडीत बसून समुद्राकडे जात होता. भाव काय मिळत होता, ते मात्र त्याने शेतकऱ्याला विचारलेले दिसत नाही!

गावात त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. मागची बाजू गोलसर, घोड्याच्या नालासारखी. ते मुळात बौद्धांचे चैत्यगृह होते, असे जाणकार सांगतात. तेही पाहा.

संग्रहालयाला नाव आहे रामलिंगप्पा लामतुरे यांचे. हे तेरचेच रहिवासी. पावसाळ्यात पांढरीच्या टेकाडावरून पाणी वाहिले की मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. तुम्ही-आम्ही त्यावरून पाय देऊन गेलो असतो. या माणसाने त्या वर्षानुवर्षे वेचल्या, जपल्या. त्या साठ्यातूनच पुढे सरकारचे संग्रहालय उभे राहिले.

आत हजारो वस्तू आहेत. सगळ्या सांगत बसत नाही. जाते पाहून आमच्या वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपल्याच जात्यासारखं!" शंखाच्या बांगड्या आहेत, समुद्र इथून किती लांब, तरी शंख इथवर आला. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट आहे. आणि एक हस्तिदंताची बाईची मूर्ती आहे. इटलीत पॉम्पेई नावाचे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली, तिच्याशी ही तेरची मूर्ती फार मिळतीजुळती आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशीच एक मिळाली. आपल्या भागाचा आणि रोमच्या राज्याचा व्यवहार असा हातावर घेऊन दाखवता येतो.

आता पोरीचे काम सांगतो. पहिले तीन दिवस तिला वस्तू उचलायची कशी हेच शिकवले. भांडे काठाला किंवा कानाला धरून उचलायचे नाही. एक हात बुडाखाली, एक हात अंगाला. हातात अंगठी नको, आणि वस्तू टेबलापासून फार उंच न्यायची नाही. पुसायचे ते मऊ कुंचल्याने, कोरडेच. घरी येऊन आईच्या हातून लोणच्याची बरणी काढून घेत म्हणाली, "अशी नाही धरायची!" हसलो सगळे, पण बरणी तेव्हापासून तशीच उचलली जाते.

मग वही. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो. तो वस्तूवर बारीक अक्षरात, सहज दिसणार नाही पण सापडेल अशा जागी, आधी पारदर्शक रोगणाचा ठिपका देऊन त्यावर घालायचा असतो; उद्या काढायचा झाला तर वस्तूला इजा नको. वहीत वस्तू कशाची, लांबी-रुंदी-वजन किती, कुठे मोडली आहे, कोणाकडून आली, कधी आली, आणि कुठे सापडली. सगळे रकाने भरायचे. "सुंदर मूर्ती" असे लिहून चालत नाही. सुंदर म्हणजे काय? डोळे कसे, केस कसे बांधले, कानात काय, ते लिहा. पोरगी सांगत होती, एका वीतभर बाहुलीचे वर्णन लिहायला तिला अर्धा दिवस लागला आणि चारदा खोडावे लागले. पंधरा वर्षांच्या शाळा-कॉलेजात असे तिला कोणी बघायला लावले नव्हते.

त्या बघण्यातूनच तिला एक रेघ दिसली. बाहुलीच्या कानाच्या मागून खांद्यापर्यंत गेलेली, केसासारखी. तेरला पांढऱ्या केओलिन मातीच्या पोकळ बाहुल्या मिळाल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात काढून दोन्ही जोडत. ती रेघ म्हणजे तो सांधा. कुंभाराने तो बोटाने लिंपला, पण कानामागे बोट पोचले नाही. आपल्याकडे गणपती साच्यातून काढणाऱ्याला विचारा, त्याचीही अडचण तीच. गोराकाकांच्या गावात बाराशे वर्षे आधीही असे हात चालत होते, हे तिला त्या रेघेने शिकवले.

एके दिवशी मी गेलो तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल आली होती. पोरे विचारायची, "ताई, याची किंमत किती?" ताई आधी गोंधळली. मग म्हणाली, "तुझ्या आजीच्या पाटल्या विकल्या तर सोनाराकडं भाव मिळेल. पण त्या आजीनं कधी घेतल्या, कुठल्या साली, कशाच्या पैशातून, त्याचा भाव सोनार देईल का?" पोरे गप्प झाली. मीही झालो. घरात तोंड न उघडणारी मुलगी चाळीस पोरांपुढे उभी राहून बोलते, हे भावाला सांगितले तेव्हा तो नुसता "हं" म्हणाला.

नोकरीचे विचाराल, तर खरे सांगतो. संग्रहालयांत जागा थोड्या आहेत आणि १२० तास भरले म्हणून कोणी हुद्दा देत नाही. याच वाटेने जायचे असेल तर पुढे शिकावे लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकवतात. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. आणि माझे एक मत आहे. खेड्यातून रोज येणाऱ्या पोरापोरींना निदान एस. टी.चे भाडे कोणीतरी द्यायला हवे. नाही तर हे शिकणे बऱ्या घरच्यांपुरतेच राहील.

पण मुख्य गोष्ट राहिलीच. वहीतला "कुठे सापडली" हा रकाना पोरीच्या डोक्यात बसला. १९५८ साली तेरला चापेकरांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्यात कोणती वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी होती याची नोंद झाली, म्हणून तिचा काळ सांगता येतो. वर उघडी पडलेली वस्तू कितीही देखणी असो, ती एवढे बोलत नाही. तिथल्या मंडळींनी तिला सांगितले, की वस्तू जागेवरून हलली की निम्मी मुकी होते.

हे ती घरी सांगत होती, आणि मला वडिलांची आठवण झाली. दरसाल उन्हाळ्यात माळवदावर टाकायला आम्ही गावाच्या टेकाडाची पांढरी माती आणायचो. तुमच्याकडेही आणत असतील. मी नऊ वर्षांचा होतो. वडिलांची कुदळ एका लहान मडक्याला लागली आणि आतून ओंजळभर काळपट नाणी निघाली. सोने नाही, चांदी नाही, शिसे. वडिलांनी ती नदीवरच्या भोयांना दिली. त्यांनी वितळवून जाळ्याला वजने केली. बदल्यात दोन वेळचे मासे आले. एक नाणे मी खेळायला ठेवले होते. ते आईच्या सुपारीच्या डब्यात अजून आहे.

पोरीने डबा उपडा केला. नाणे मऊ कुंचल्याने झाडले. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला फुलीने जोडलेली चार वर्तुळे. संग्रहालयात दाखवले तर सातवाहनांचे असावे म्हणाले. त्या राजांनी शिशाची नाणी पुष्कळ पाडली. एक असे, तर ओंजळभरात काय काय असेल? कोणत्या राजाची, किती तऱ्हांची? ते आता तेरणेच्या डोहात कुठेतरी आहे.

तुम्हाला कायद्याची भीती वाटत असेल, तर ऐका. १८७८ सालचा निखात निधी कायदा आजही आहे. जमिनीत पुरलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. चौकशीत मालक निघाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनवाल्याला एक हिस्सा. सरकारने ठेवून घेतली, तर मालाच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. दडवले तर मात्र गुन्हा. आमच्या वडिलांना हे कोणी सांगितले नव्हते.

पुतणीने मला टेकाडावर नेले. म्हणाली, "तात्या, नक्की कुठं ते दाखवा. आता तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?" साल विचारले. म्हटले, दुष्काळाच्या आधीचा उन्हाळा. तिने १९७२ लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले. खोली विचारली. कमरेइतकी, पण नऊ वर्षांच्या पोराच्या कमरेइतकी. टेकाडाचा अर्धा भाग यंत्राने सपाट झाला आहे. खूण उरली ती पिंपळाची. तिथून पावले मोजत गेलो, ती ४२ भरली. तिने पुन्हा मोजायला लावली. दुसऱ्यांदा ५१ भरली. मी म्हटले, "मधला आकडा घाल." ती म्हणाली, "नाही तात्या," आणि दोन्ही आकडे लिहून घेतले.