समुद्राकडचा दिवा

मु. वेळास, ता. मंडणगड
माघ वद्य पंचमी

चि. सुधाकर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र व सोबतचा नकाशा पावला. वाडीच्या समुद्राकडील अंगास आठ खोल्या बांधून पाहुण्यांची तजवीज करावी आणि सामाईक मिळकतीचा हिस्सेदार या नात्याने मी त्यास संमती द्यावी, हा तुझा मनोदय समजला. तुझ्या काकूने चष्मा लावून नकाशा दोनदा न्याहाळला आणि एवढेच विचारले, "यात चूल कुठे आहे?"

तो चष्मा तिने स्वतःच्या पैशांनी, मला न विचारता, करून घेतलेला आहे. आमच्या तरुणपणी या गावचा जमाखर्च मुंबईच्या मनीऑर्डरीवर चाले (नाना फडणवीसांच्या मूळ गावाला ही गोष्ट फारशी भूषणावह नव्हती!), आणि कासवाची अंडी उकरून विकण्यात कोणास काही गैर वाटत नसे. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने घरटी राखण्याचे मनावर घेतले, गावचीच पोरे पहाटे किनारा धुंडाळू लागली, आणि पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास शहरची मंडळी येऊ लागली, तेव्हा गावात एकही लॉज नसल्यामुळे ती घरोघरच्या ओट्यांवर उतरली. त्या उणिवेनेच पैसा घरोघर वाटला गेला, आणि तोही घावने घालणाऱ्या हातांत. ही गोष्ट तुझ्या अंदाजपत्रकात कोठे आढळली नाही.

कष्टांबद्दल मी भाबडेपणाने लिहीत नाही. हंगामात तुझी काकू पहाटे चारला उठते, पंधरा माणसांचे उरकून उन्हे कलल्यावर स्वतः जेवते, आणि मार्च सरता सरता विहिरीचा तळ दिसू लागला की पाहुण्यांच्या अंघोळी मोजत बसते. पनीर मागणारेही भेटतात. त्यांना ती निमूटपणे फणसाची भाजी वाढते. हंगाम काय तो दोन-अडीच महिन्यांचा. एरवी वाडीच पोसते. त्या वाडीची 3 जून 2020 च्या वादळाने काय अवस्था केली, हे तू पाहिलेस. आडव्या झालेल्या पोफळींचा पंचनामा झाला, परंतु नवे रोप फळाला येण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि पाहुणे तर त्या वर्षी टाळेबंदीने अडविलेले. म्हणून म्हणतो, पाहुण्यांच्या भरवशावर उरलेली वाडी तोडू नये.

दुसरे असे की, वाळूतून वर आलेले पिल्लू क्षितिजावर जिकडे उजेड अधिक तिकडे धावते. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड पाण्याचा असतो, दिवे लावलेल्या किनाऱ्यावर आपल्या व्हरांड्याचा. आठ खोल्यांचे आठ व्हरांडे तू नेमके त्याच बाजूस काढले आहेस. शिवाय त्या खोल्या भरल्या तर शेजारच्या चार ओट्या रिकाम्या राहतील, आणि त्या घरांशी आपले जाणे-येणे तुझ्या आजोबांच्या वेळेपासूनचे आहे.

माझी संमती तूर्त राखून ठेवतो. जुनी माडी दुरुस्त करून दोन खोल्या रस्त्याच्या अंगास काढणार असशील, आणि हिशेबाची वही काकूच्या स्वाधीन करणार असशील, तर सही करण्यास माझी हरकत नाही. शिमग्याच्या आधी एकदा येऊन जा. बागमांडल्याहून फेरीबोटीने आलास तर फेरा वाचेल. पहाटे घरट्यांवरची टोपली उचलतात तेव्हा आपण दोघे जाऊ. बॅटरी मात्र आणू नकोस.

तुझा,
काका