श्वास चालू ठेवून

बीडच्या माणसानं समुद्राखाली जाऊन फोटो काढावेत, याचं लोकांना हसू येतं. येऊ द्या. आमची पाण्याशी ओळख विहिरीतली. पाठीला भोपळा बांधून तिथंच पोहायला शिकलो. पुढचं आयुष्य रस्त्यावर गेलं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की कॅमेरा घेऊन त्यांच्यामागं सांगली-कोल्हापूर. एरवी लडाख म्हणू नका, कन्याकुमारी म्हणू नका. पन्नाशीनंतर तारकर्लीला स्कूबा शिकलो, आणि इतक्या वर्षांचा बसलेला हातच आडवा यायला लागला.

बटण दाबताना श्वास रोखायचा, ही जमिनीवरची सवय. पाण्याखाली ती जिवावर बेतते. दहा मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो आणि सिलिंडरमधली हवा त्याच दाबानं छातीत जाते. श्वास कोंडून थोडं जरी वर आलात तरी ती फुगते, फुप्फुस फाटू शकतं. म्हणजे श्वास चालू ठेवूनच फोटो काढायचा. त्यात गंमत अशी, की श्वास घेतला की अंग वर जातं, सोडला की खाली. मी संथ श्वास सोडत राहतो आणि त्या सोडण्यातच बटण दाबतो. बुडण्यासाठी कमरेला बांधलेलं शिसं नेमकं नसेल तर तेही साधत नाही. खाऱ्या पाण्यात ते विहिरीपेक्षा जास्त लागतं.

लांबच्या लेन्स इथं घरीच ठेवाव्यात. मासा असतो त्याच्या पाऊण अंतरावर भासतो, वर मोठाही दिसतो. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो, म्हणून फ्लॅश हवा. तो कॅमेऱ्याला चिकटून लावला तर पाण्यातला गाळच उजळतो. रात्री धुळीच्या रस्त्यावर हेडलाइट लावल्यावर नुसती धूळच दिसावी, तसा. म्हणून फ्लॅश लांब दांड्यांवर, बाजूला. मालवणचं पाणी लक्षद्वीपइतकं नितळ नाही, तेव्हा हातभर अंतरावर जाणं भागच पडतं. मला ते मानवतं. सिंधुदुर्गाजवळच्या खडकांशी गुमान थांबलं की मासे आपापल्या कामाला लागतात. पाव टाकून गोळा केलेल्या माशांच्या फोटोंना मात्र मी फोटो मानत नाही.

गावाकडची पोरं विचारतात, कॅमेरा कोणता घेऊ? बाबांनो, कॅमेरा नंतर. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं, तेव्हाच आपल्या विहिरींना पाणी येतं. जाणता पोहणारा सोबत घ्या आणि तेवढ्यात पोहणं पक्कं करा.