आजीच्या औषधातलं ‘नको’

वसमत, जि. हिंगोली

ती. सौ. अक्कास,


आजीच्या औषधांची वही करायची म्हणतेस, जरूर कर. पण ‘खोकल्याला अडुळसा, कापल्याला हळद’ एवढंच लिहू नकोस. ते कॅलेंडरच्या मागेही छापलेलं असतं. आजी कशाला ‘नको’ म्हणायची, ते आधी लिही.

बिब्ब्याचंच बघ. बिब्बा सुईला टोचून ती दिव्यावर धरायची आणि टाचेच्या भेगेत तेलाचा एकच थेंब सोडायची. दुसरा मागितला की खेकसायची. बिब्बा उतला तर अंगभर फोड येतात, म्हणून लेकरांना तर हातही लावू द्यायची नाही. त्याच बियांतली गोडंबी मात्र बाळंतिणीच्या लाडवात मुठीमुठीनं पडायची! आता मोबाइलवर बिब्बा सांगणारे रग्गड, थेंब मोजणारं कुणी नाही. गुळवेलीचं तेच झालं. करोनात दिसेल ती वेल उकळून लोक काढे प्यायले. मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्यांत यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवले.

आणि लिहिण्याचं मोल म्हणशील, तर ते आपल्या हळदीलाच विचार. 1995 मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं चक्क पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख. संस्थेनं पेटंटला आव्हान दिलं. ‘आमच्याकडे घरोघरी लावतात’ एवढ्यानं तिथं भागणार नव्हतं. संस्थेनं 32 लेखी दाखले पुढं केले, त्यात 1953 चा एक वैद्यकीय लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. जिंकलो खरे, पण वसमतच्या ज्या बायांचे हात पिढ्यान्‌पिढ्या हळदीनं पिवळे झाले, त्यांची साक्ष त्या कागदांत कुठं होती?

मात्र सगळंच ऋषिमुनींच्या नावावर घालू नकोस. कापल्यावर आजी जिचा पाला चोळायची, ती कंबरमोडी मूळची अमेरिकेतली. बांधावर उगवली, कुणीतरी लावून पाहिली, गुण आला, बटव्यात गेली. मला तर आजीची खरी हुशारी त्यातच दिसते.

बाळंतकाढ्याचं प्रमाण मला ठाऊक नाही. बाप्यांना कोण सांगतं? मावशीला लवकर विचार, तिचं वय झालंय.

यंदाची हळद शिजवून वाळत घातलीय. पॉलिश झाली की हळकुंडंच पाठवतो, पूड नाही. तिकडे डोळ्यांसमोर दळून घे.

तुझा धाकटा भाऊ