वाशीची राज्यभवने आणि परप्रांतीय ताटे

१/ नवी मुंबईत दूरच्या प्रांताची चव शोधणाऱ्याने वाशी स्थानकाच्या परिसरात फिरावे. आसाम भवन, ओडिशा भवन, केरळ हाऊस, मिझोरम हाऊस अशा पाट्या तेथे एकमेकींच्या जवळपास दिसतात.

२/ मुंबईवरील भार हलका करण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर पूल झाला. १९९२ मध्ये लोकल वाशीस पोहोचली. नोकरीसाठी देशभरातून माणसे आली आणि राज्य सरकारांनीही येथे अतिथिगृहे बांधली.

३/ आसामी स्वयंपाकात केळीच्या सालीच्या राखेतून गाळलेल्या पाण्याचा ‘खार’ असतो आणि माशाचे आंबट कालवण, म्हणजे ‘टेंगा’. ओडिया ‘डालमा’त डाळ व भाज्या एकत्र शिजतात. हे पदार्थ मुंबईच्या नेहमीच्या हॉटेलांत क्वचितच मिळतात.

४/ परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. ईशान्येकडील अनेक रुग्ण तेथे येतात, आणि उपचार महिनोन्महिने चालतात. त्यांतील काही नातेवाइकांसह या भवनांत उतरतात. औषधांनी तोंडाची चव गेलेल्या माणसाच्या पोटात दोन घास जावेत, म्हणून ओळखीचे कालवण लागते. पाहुण्याला जी नवलाई वाटते, ती त्याची गरज असते.

५/ स्थलांतराचा इतिहास जनगणनेच्या तक्त्यांत सापडतो, तसा या स्वयंपाकघरांतही. काही भवनांत बाहेरच्यांनाही जेवण मिळते. मात्र आधी विचारावे, आणि शेजारच्या टेबलावरील रुग्णाची शांतता राखावी.