पानिपतच्या अलीकडे

दिल्लीहून पानिपतच्या रस्त्याला लागलं, की मराठी माणसाला १७६१ आठवतंच. आम्हाला मात्र त्याच्या अलीकडचं सोनीपत गाठायचं होतं. बारावी झालेली भाची बरोबर होती. हरियाणातल्या या गावाजवळ दोन खासगी विद्यापीठं आहेत: जिंदाल २००९ चं, अशोका २०१४ चं. दोन्ही निवासी, आणि दोन्हींची फी ऐकून घरातल्या कर्त्या माणसाला घाम फुटावा अशी!

दोन्ही एका दिवसात पाहून होतात. हिरवळ, वाचनालय, मेस पाहून जीव भुलतो. पण मैत्रिणींनो, विचारायचं ते वेगळंच. जिंदालला अर्ज करतानाच शाखा ठरवावी लागते. वकिलीच करायची हे पक्कं असेल, तर तिथला पाच वर्षांचा बी.ए.एलएल.बी. सोयीचा. अशोकाला आधी सगळ्यांना निरनिराळ्या विषयांचे पायाभूत वर्ग, मुख्य विषय मागाहून ठरतो. आमचं घोडं इथंच अडलं. वडिलांना मुलगी वकील व्हायला हवी, आणि हिला खुणावतो इतिहास.

फीचं म्हणाल, तर अशोकाला घरची ऐपत पाहून सवलत मिळते. जिंदाललाही शिष्यवृत्त्या आहेत. उत्पन्नाचे कागद आधीच काढून ठेवा. सवलत किती वर्षांची, मार्क घसरले तर काय, हे लेखी घ्या. तोंडी गोडव्यावर जाऊ नका.

पुढे मुरथळच्या ढाब्यावर थांबलो. पराठ्यावरचं पांढरं लोणी वितळलं तरी भाची गप्पच. मग हळूच म्हणाली, "मावशी, बाबांशी तू बोलशील?"