चि. अजयला पत्र : रेजिमेंटच्या प्रशिक्षणाची आखणी

भिंगार, अहिल्यानगर



युनिटच्या प्रशिक्षणाची आखणी युद्धात करायच्या कामापासून सुरू होते. रेजिमेंटला कोणत्या मुलखात, कोणाच्या जोडीने, दिवसा की रात्री लढायचे आहे हे आधी ठरते. त्यासाठी काय काय यायला हवे याची यादी त्यावरून निघते, आणि आज त्यातले जे येत नाही तोच वर्षाचा अभ्यासक्रम. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमावर नव्या तारखा घालून तो वर पाठवल्याचे तू सहज लिहून गेलास. ते वाचून वाईट वाटले. क्रू बदलले, गनर नवे आले, मग तो कार्यक्रम कोणाच्या उणिवा भरून काढणार?

वेळापत्रक मात्र शेवटाकडून मांडले जाते. इथल्या खारे कर्जुनेच्या रेंजवर फायरिंग असेल तर मैदानी गोळीबाराच्या सरावासंबंधीच्या 1938 च्या कायद्याखाली जिल्हा प्रशासनाची अधिसूचना निघते, भोवतालच्या गावांना कळवावे लागते, गुराख्यांना हद्दीबाहेर ठेवावे लागते. अशी तारीख ऐनवेळी सरकत नाही. म्हणून तिच्यापासून मागे मोजत दारूगोळा, रणगाड्यांची दुरुस्ती, सिम्युलेटरवरचा सराव आणि ड्रायव्हिंग यांचे दिवस धरतात.

क्रम ठरलेला आहे : आधी एकेक जवान, मग क्रू, ट्रूप, स्क्वाड्रन आणि शेवटी रेजिमेंट. टी-72 च्या क्रूमध्ये कमांडर, गनर आणि ड्रायव्हर असे तिघेच. त्यातला एक कच्चा असला तरी रणगाडा अडतो. यांत्रिक पायदळाच्या बीएमपी-2 वाहनात तिघांच्या क्रूमागे सात जवान बसतात, आणि उतरून लढणाऱ्यांचा सराव वाहनापासून तोडून केला तर तो अर्धाच राहतो. वरचा टप्पा उरकण्याच्या घाईत खालचा गाळणे ही नेहमीची चूक. मोठ्या सरावात पाहुणे येतात, क्रू ड्रिलला कोणी येत नाही. पण लढाई क्रूच लढतो.

प्रत्येक टप्पा स्वतःपुरता पूर्ण असला पाहिजे, कारण प्रशिक्षण कधी तुटेल ते कोणाच्या हाती नसते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जून 1971 मध्ये पूना हॉर्समध्ये दाखल झाले. युद्ध जवळ आले तेव्हा ते इथेच, तेव्हाच्या अहमदनगरला, यंग ऑफिसर्स कोर्सवर होते. कोर्स अर्धवट राहिला, ते रेजिमेंटकडे परतले, आणि 16 डिसेंबरला बसंतरच्या लढाईत सेंच्युरियनमधून शत्रूचे रणगाडे उडवत वीरगतीस गेले. वय एकवीस, मरणोत्तर परमवीर चक्र. उरलेला अभ्यासक्रम पुढच्या महिन्यात घेऊ, असे म्हणायची सवड त्या पिढीला मिळाली नाही. तुमच्या पिढीला मिळेलच असे कोणत्या आधारावर धरायचे?

व्यवस्थापनाचा मोठा भाग म्हणजे ठरलेले तास राखणे. फटीग म्हणजे अंगमेहनतीची इतर कामे, समारंभ, तपासणीची रंगरंगोटी यांना माणसे द्यावीच लागतात. ती सरावातूनच उचलली जाऊ नयेत, हे पाहणे कमांडरचे काम. शिकवणारा दफेदार आदल्या दिवशी तयारीला मोकळा हवा. मोजमाप हजेरीचे नसून कामाचे असते : ठरलेल्या वेळेत पहिला गोळा लक्ष्यावर लागला की नाही. चर्चा त्याच दिवशी, रणगाड्याशेजारी उभे राहून व्हावी. तिथे सर्वांत कनिष्ठ सवारालाही बोलता यावे. आणि चुकलेले पुन्हा करून घ्यायला कार्यक्रमात मुळातच जागा हवी. ती जागा नसलेले कार्यक्रम फार पाहिले, तुझा तसा नसावा.

रात्रीच्या ड्रायव्हिंगबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, याची काळजी लागून राहिली आहे. पाठवलेला कार्यक्रम परत मागव, रिसालदार साहेबांना शेजारी बसव आणि एकेका क्रूचे नाव घेऊन तो नव्याने लिही.

तुझा,
काका